फिरायला हलकी झूम लेन्स घ्यायचीय? आधी हे बघा

पुण्यात फोटोग्राफीचा नाद लागलेल्या बऱ्याच जणांकडे एक २४-७० एफ २.८ लेन्स असतेच (२४ एमएमच्या रुंद टोकाला फ्रेममध्ये जास्त मावतं, ७० च्या लांबच्या टोकाला दूरचं जवळ दिसतं, आणि एफ २.८ म्हणजे भरपूर प्रकाश घेणारी), लग्नाची कामं, एखादं पोर्ट्रेट शूट, गणपतीची मिरवणूक असं सगळं त्या एका लेन्सवर निघतं, आणि मग तीच लेन्स गळ्यात घालून माणूस राजगड चढायला लागतो. पाली दरवाजा येईपर्यंत कॅमेरा बॅगेत गेलेला असतो आणि पुढचे सगळे फोटो मोबाइलवर. लेन्स वाईट नसते हो, जड असते. त्यावर उपाय म्हणजे फिरण्यापुरती एक हलकी ऑटोफोकस झूम घ्यायची, पण इथे एक गोष्ट लोक विसरतात, लेन्सचं वजन फुकटात कमी होत नाही. कंपनीने कुठेतरी काहीतरी काढून घेतलेलं असतं, एक तर प्रकाश, नाहीतर रुंद टोक, नाहीतर लांबचं टोक, नाहीतर पावसाचं सील. यातलं काय सोडलं तर तुमचं अडणार नाही एवढंच ठरवायचंय, आणि ते रिव्ह्यू बघून ठरत नाही, स्वतःचे जुने फोटो बघून ठरतं.

आधी सगळं काट्यावर ठेवा

स्वयंपाकघरात पीठ मोजायचा डिजिटल काटा असतो ना, तो घ्या. बॉडी बॅटरी आणि कार्डासकट, लेन्स हूड आणि फिल्टर लावून, पट्टा, जास्तीच्या बॅटऱ्या, चार्जर, आणि शेवटी रिकामी बॅग. प्रत्येक वस्तू वेगळी ठेवायची आणि कागदावर लिहायची. कंपनी जे वजन सांगते ते नुसत्या लेन्सचं असतं, हूड, फिल्टर, पुढची-मागची टोपी धरलेली नसते, त्यामुळे तुमचा आकडा जास्तच येणार. बऱ्याचदा असं दिसतं की खरी जड गोष्ट ती जाड फोमची बॅगच आहे, मग लेन्सच्या आधी ती बदला, साध्या ट्रेकच्या सॅकमध्ये एक छोटा पॅडवाला इन्सर्ट टाकला तरी काम होतं.

अ‍ॅडॉप्टरसुद्धा मोजा. निकॉनची जुनी डीएसएलआरवाली २४-७० एफ २.८ ई व्हीआर १०७० ग्रॅमची, ती निकॉनच्या नव्या मिररलेस झेड बॉडीवर लावायला एफटीझेड अ‍ॅडॉप्टर लागतो त्याचे सव्वाशे ग्रॅम वर. त्याऐवजी झेडची २४-७० एफ ४ फक्त ५०० ग्रॅमची आहे. म्हणजे सहाशे-सातशे ग्रॅमचा फरक एका झटक्यात, आणि हा फरक गडावर खरंच कळतो. याउलट सोनीची २४-७० जीएमची दुसरी आवृत्ती ६९५ ग्रॅमची आहे, ती ज्याच्याकडे आहे त्याने ५४० ग्रॅमची टॅमरॉन २८-७५ एफ २.८ घ्यायची का, तर माझ्या मते नको. दीडशे ग्रॅमसाठी एवढा खटाटोप करायचा नाही. तीनशेच्या वर फरक पडत असेल तरच पाकीट बाहेर काढा.

विमानाने जाणाऱ्यांचं गणित वेगळं. देशातल्या फ्लाइटला केबिन बॅग साधारण ७ किलोची धरतात, त्यात कपडे, चार्जर, औषधं सगळं आलं, कॅमेरा तर चेक-इनला टाकायचा धीर होत नाही. तिथे अर्धा किलो वाचला तर तो मोठाच.

जुने फोटो उघडा

लाइटरूम वापरत असाल तर लायब्ररीत वर फिल्टर बार असतो, त्यात मेटाडेटा निवडून एका कॉलमला फोकल लेंथ (फोटो काढताना लेन्स किती एमएमवर होती तो आकडा) लावा, किती एमएमला किती फोटो ते समोर येतं. लाइटरूम नसेल तर डिजिकॅम फुकट आहे. आणि तेही नको असेल तर विंडोजच्या फोल्डरमध्ये डिटेल्स व्ह्यू करून वरच्या पट्टीवर राइट क्लिक करून फोकल लेंथचा कॉलम आणता येतो, त्यावर सॉर्ट मारा, झालं.

फक्त एक करा, लग्नाचे आणि घरच्या कार्यक्रमांचे फोल्डर यात घेऊ नका, नुसते फिरण्याचे घ्या. आणि त्यातलेही तुम्ही ठेवलेले, एडिट केलेले, कुणाला तरी पाठवलेले तेवढेच. जे काढले आणि परत उघडलेच नाहीत ते मोजून काय उपयोग.

आता दोन गोष्टी बघायच्या. पहिली म्हणजे टोकाला गर्दी आहे का. २४-७० वर ७० ला ढीगभर फोटो असतील तर त्याचा अर्थ ७० आवडतं असा नाही, तुम्हाला अजून पुढे जायचं होतं आणि लेन्स संपली असा आहे. तसंच २४ ला ढीग असेल तर मागे भिंत होती. मधेच ३५ ते ५० मध्ये सगळं असेल तर तुम्ही नशीबवान, तुम्हाला कुठलीही छोटी झूम चालेल. दुसरी गोष्ट अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्समधलं प्रकाशाचं भोक (एफ नंबर जेवढा लहान तेवढं ते मोठं), आणि इथे बऱ्याच जणांचे डोळे उघडतात, कारण फिरण्याचे बहुतेक फोटो दिवसा उजेडी एफ ५.६ आणि एफ ८ ला काढलेले निघतात. एफ ८ च्या फोटोसाठी एफ २.८ ची काच डोंगरावर वाहून न्यायची म्हणजे एका माणसाच्या चहासाठी लग्नातलं पातेलं घेऊन निघाल्यासारखं आहे.

मॅन्युअल फोकसच्या जुन्या प्राइम (झूम न होणाऱ्या) लेन्सेस वापरणाऱ्यांना ही युक्ती चालणार नाही कारण त्यात एक्झिफ, म्हणजे फोटोसोबत साठवलेली ही माहिती, नीट येत नाही, त्यांनी सरळ बघावं की बॅगेतल्या तीनपैकी कुठली लेन्स सगळ्यात जास्त वेळ बॉडीवर असते, झूमचा मधला भाग तिथे यायला हवा.

सोडायचं काय

प्रकाश सोडायचा असेल तर. एफ २.८ वरून एफ ४ म्हणजे एक स्टॉप, प्रकाश निम्मा. एफ ४ वरून ५.६ म्हणजे अजून निम्मा. कार्ल्याच्या लेणीत चैत्यगृहात आत उभं राहिलात, एफ २.८ ला १/६० आणि आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता, वाढली की फोटोत दाणे येतात) १६०० येतोय असं धरा, तर तोच फोटो एफ ४ ला ३२०० वर आणि एफ ५.६ ला ६४०० वर जाणार. गेल्या दहा वर्षांतल्या फुल फ्रेमला, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्याला, ३२०० म्हणजे काहीच नाही, ६४०० सुद्धा चालवून घेता येतो, डीनॉइज सॉफ्टवेअर तर आता चांगलंच सुधारलंय. क्रॉप, म्हणजे लहान सेन्सरवर मात्र ६४०० ला विचार करावा लागतो. शिवाय लेणीत खांब आणि स्तूप हलत नाहीत, स्टॅबिलायझेशन असेल तर १/१५ ला हातात धरून निघतो, ट्रायपॉडला तिथे परवानगी लागते त्यामुळे तो प्रश्नच नाही. माणसं हलत असतील तेव्हाच तो स्टॉप खरा लागतो, कारण स्टॅबिलायझेशन तुमचा हात थांबवतं, समोरचा वारकरी थांबवत नाही.

बॅकग्राउंड ब्लरची भीती सगळ्यांना असते, एफ ४ म्हणजे ब्लर गेला. तसं नसतं. लांबची बॅकग्राउंड किती धूसर होणार हे, माणूस फ्रेममध्ये तेवढाच मोठा ठेवलात तर, अ‍ॅपर्चरच्या भोकाच्या खऱ्या व्यासावर ठरतं, आणि तो काढायला फोकल लेंथ भागिले एफ नंबर. ७० भागिले २.८ म्हणजे २५ एमएम. १०५ भागिले ४ म्हणजे २६. म्हणजे २४-१०५ एफ ४ घेऊन १०५ ला दोन पावलं मागे जाऊन उभे राहिलात तर मागचं झाड तेवढंच विरघळणार. आणि २०० भागिले ५.६ तर ३५ च्या वर जातं. ज्यांचा सगळा जीव ब्लरमध्ये अडकलाय त्यांनी हे गणित करून बघावं, मग दुकानात जावं.

रुंद टोक सोडायचं असेल तर. बऱ्याच हलक्या एफ २.८ झूम २८ ला सुरू होतात, सिग्माची २८-७० एफ २.८ कंटेम्पररी ४७० ग्रॅमची, टॅमरॉनची २८-७५ दुसरी आवृत्ती ५४० ग्रॅमची, कॅननची आरएफ २८-७० एफ २.८ एसटीएम ४९५ ग्रॅमची. वजन तिथेच वाचवलंय. ऐकायला चार एमएम, पण २४ ला कोन साधारण ८४ अंश आणि २८ ला ७५, हा फरक उघड्यावर जाणवत नाही, पेठेतल्या वाड्याच्या चौकात जाणवतो. पाठ भिंतीला टेकलीय, समोरचा सज्जा, जिना आणि वरची कौलं एका फ्रेममध्ये घ्यायचीत, तिथे २८ मध्ये एक तरी गोष्ट कापली जाणार. उभ्या दोन-तीन फ्रेम काढून जोडता येतात पण चौकात पोरं खेळत असली की जोडताना एकाच पोराचे तीन पाय येतात. लोहगडाच्या विंचूकाट्याला किंवा माळशेजच्या कड्यांना मात्र फ्रेम जोडून छान काम होतं, तिथे काही हलत नाही. जुने वाडे, देवळांचे सभामंडप, अरुंद बोळ हाच ज्यांचा विषय आहे त्यांनी २८ च्या नादी लागू नये, त्यांच्यासाठी सोनीची २०-७० एफ ४ बघण्यासारखी आहे, ४८८ ग्रॅम आणि २० पासून सुरू, प्रकाश एक स्टॉप सोडला की एवढं मिळतं.

लांबचं टोक सोडायचं असेल तर सगळ्यात सोपं, कारण क्रॉप करता येतं. ७० चा फोटो १०५ एवढा क्रॉप केलात तर २४ मेगापिक्सेलचे साडेदहाच्या आसपास उरतात, त्यावर १२ बाय ८ इंची प्रिंट आरामात येते आणि मोबाइलवर तर कुणाला कळणारही नाही. २०० पर्यंत मात्र क्रॉपने पोचता येत नाही. राजगडाच्या बालेकिल्ल्यावरून तोरणा आणि त्याच्या मागे एकामागे एक फिकट होत जाणाऱ्या डोंगररांगा हव्या असतील तर १५० ते २०० लागतंच. त्यासाठी टॅमरॉनची २८-२०० आहे, ५७५ ग्रॅम, सोनीसाठी, आणि निकॉन झेडची २४-२००, ५७० ग्रॅम. दोन्ही उपयोगी, पण नावातला छोटा एफ नंबर फक्त रुंद टोकाचा असतो हे लक्षात ठेवा. टॅमरॉनला २.८ नुसतं २८ च्या आसपास मिळतं, पुढे घसरत घसरत ५.६. निकॉन शंभरच्या आधीच ६.३ ला जाते.

आणि भिगवणला फ्लेमिंगो बघायला जाणार असाल तर यातलं काहीच कामाचं नाही, १०५ ला गुलाबी ठिपके येतील. ती वेगळी लेन्स, वेगळा लेख.

स्टॅबिलायझेशन कुठे आहे ते नीट बघा, यात लोक फसतात. लेन्समध्ये नसेल तर बॉडीत हवं, दोन्हीकडे नसेल तर संध्याकाळी त्रास. सिग्माची १८-५० एफ २.८ क्रॉप सेन्सरसाठी भारी लेन्स आहे, सोनीवाली २९० ग्रॅमची, पण तिच्यात स्टॅबिलायझेशन नाही, आणि ती सोनी ए६४०० वर लावली तर बॉडीतही नाही. टॅमरॉन २८-२०० मध्येही नाही, पण ए७ थ्रीसारख्या बॉडीवर लावाल तर बॉडी सांभाळून घेते. कॅननच्या आर८ मध्ये बॉडीत नाही, म्हणून त्यावर आरएफ २४-१०५ एफ ४-७.१ एसटीएम बरी, लेन्समध्येच आहे आणि वजन ३९५ ग्रॅम. १०५ ला एफ ७.१ हे वाचून तोंड वाकडं होतं हे मान्य, पण दिवसा गडावर तुम्ही एफ ८ च वापरताय हे मगाशी फोटोंनी सांगितलंय.

कॅननवाल्यांसाठी अजून एक, आरएफ माउंटला (कॅननच्या मिररलेस बॉडीवर लेन्स बसते ती जागा) सिग्मा आणि टॅमरॉनच्या क्रॉप सेन्सरच्या ऑटोफोकस लेन्सेस २०२४ पासून यायला लागल्या, त्यामुळे आर७, आर१०, आर५० वाल्यांना ती १८-५० आता मिळते. फुजीवाल्यांना काय सांगणार, त्यांची १८-५५ एफ २.८-४ आधीपासूनच ३१० ग्रॅमची आहे, त्यांनी हा लेख वाचायची गरज नव्हती. मायक्रो फोर थर्डवाल्यांनी (ऑलिंपस, पॅनासॉनिकचे छोट्या सेन्सरचे कॅमेरे) १२-४५ एफ ४ बघावी, २५४ ग्रॅम.

आणि जुन्या निकॉन लेन्सेसवाल्यांसाठी, एफटीझेडवर आत मोटार असलेल्या एएफ-एस, एएफ-पी अशा लेन्सचाच ऑटोफोकस चालतो, बॉडीतल्या स्क्रूवर फिरणाऱ्या एएफ-डी लेन्स तिथे मॅन्युअलच. अशी एखादी स्वस्तात मिळतेय म्हणून घेऊ नका.

दुकानात आणि सेकंडहँड घेताना

लक्ष्मी रोड आणि बुधवार पेठेच्या बाजूला जाणार असाल तर स्वतःची बॉडी आणि रिकामं कार्ड घेऊन जा, दुकानातल्या बॉडीवर लावून बघण्यात अर्थ नाही. हातात घेतल्यावर पहिली गोष्ट झूम रिंग कुठल्या दिशेने फिरते ती. कॅननची आणि निकॉनची दिशा एकमेकांच्या उलट, आणि बाहेरच्या कंपन्या आपापल्या सवयीने करतात. वर्षानुवर्षांची हाताची सवय उलटी झाली की ऐन वेळी जवळ आणायच्या ऐवजी लांब जातं. हे वाचून नाही कळत, फिरवूनच कळतं.

शक्य असेल तर आधी शनिवार-रविवारसाठी भाड्याने घ्या. पुण्यात लेन्स भाड्याने मिळतात, ओळखपत्र आणि डिपॉझिट लागतं. आणि वेताळ टेकडीवर सकाळी जाऊन ही टेस्ट करा. समोर लांब एखादी बिल्डिंग धरा, गॅलऱ्या, ग्रिल, पाण्याच्या टाक्या असं बारीक काहीतरी असलेली. सगळ्यात मोठं अ‍ॅपर्चर, सिंगल पॉइंट, ती बिल्डिंग आधी मधोमध ठेवून फोकस करा, मग फोकस तसाच लॉक ठेवून ती चारही कोपऱ्यांत एकेकदा आणून फोटो काढा. घरी येऊन शंभर टक्क्यांवर बघा. चारही कोपरे सारखेच थोडे मऊ असतील तर लेन्सचा स्वभाव आहे, चालतं. पण तीन ठीक आणि एका कोपऱ्यात टाकी पसरलेली दिसतेय तर आतली एखादी काच तिरकी बसलीय, ती लेन्स घेऊ नका, कितीही स्वस्त असो. हे झूमच्या दोन्ही टोकांना करा, एका टोकाला बरी आणि दुसऱ्याला वाकडी अशाही निघतात.

सेकंडहँडला यात अजून भर. दोन्ही टोप्या काढा, मोबाइलचा टॉर्च मागून मारा आणि पुढून तिरकं बघा, मग उलट करा. धुळीचे चार कण प्रत्येक वापरलेल्या लेन्समध्ये असतात, त्यावरून भाव पाडायचा असेल तर पाडा पण घाबरू नका. कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक पांढऱ्या फांद्या दिसल्या तर ती बुरशी, आपल्याकडच्या पावसाळ्याची देणगी, तिथून हात जोडून निघा. झूम रिंग हळू फिरवा, मधेच कुठे करकर किंवा अडकल्यासारखं वाटतं का. लेन्स खाली तोंड करून धरा, आपोआप लांब होतेय का, होत असेल तर सॅकच्या पट्ट्याला लटकवून चालताना ती दिवसभर लांबणार, लॉकचं बटण असेल तर चालेल. आणि बिल मागा. बिलाशिवायची नवी लेन्स म्हणजे वॉरंटीच्या वेळी तुम्ही आणि तुमचं नशीब.

एक छोटा खर्च सगळे विसरतात, फिल्टर. जुन्या लेन्सचे फिल्टर ७७ किंवा ८२ चे, नवीन लेन्स ६७ ची. नवीन फिल्टर लगेच घेऊ नका, ६७ ते ७७ ची स्टेप-अप रिंग स्वस्तात मिळते, फक्त ती लावली की हूड बसत नाही. पावसाळ्यात ताम्हिणीत पोलरायझर लावणार असाल तर तो ओल्या पानांवरची चमक काढून हिरवा रंग खरा आणतो, पण एक-दोन स्टॉप प्रकाश खातो. आधीच ६.३ ची लेन्स, त्यावर पोलरायझर, वर ढग, मग आयएसओ कुठे जाणार ते तुम्हीच बघा.

सेटिंग बदलल्याशिवाय बाहेर पडू नका

लोक लेन्स बदलतात आणि कॅमेऱ्याची सेटिंग तीच ठेवतात, मग म्हणतात नवीन लेन्स शार्प नाही. आधी बॉडी आणि लेन्स दोन्हीचं फर्मवेअर अपडेट करा. मग ऑटो आयएसओत जाऊन मिनिमम शटर स्पीड बघा. चालती माणसं, बाजार, वारी यासाठी १/२५०, नुसता निसर्ग असेल तर ऑटोवर सोडा. कमाल आयएसओ तुमच्या बॉडीला झेपेल तेवढा, पण २.८ च्या काळात ठेवलेला ३२०० आता ६४०० करावा लागेल, नाहीतर कॅमेरा गुपचूप शटर खाली आणतो आणि दोष लेन्सला.

हल्लीच्या बहुतेक झूममध्ये झूम केलं की फोकस थोडा सरकतो. म्हणजे ७० ला फोकस करून, मग २८ ला येऊन क्लिक केलात तर कधी कधी मऊ येतो. सिंगल फोकसवर असाल तर क्रम ठरवून टाका, आधी झूम, मग फोकस, मग क्लिक. कंटिन्युअसवर ठेवलात तर कॅमेरा आपोआप धरून ठेवतो, मी फिरताना तेच ठेवेन, एएफ-सी आणि फोकस पाठीमागच्या बटणावर. बटण सोडलं की फोकस जागच्या जागी थांबतो त्यामुळे दोन्ही कामं एकाच सेटिंगमध्ये होतात.

मॅन्युअल लेन्सवरून येणाऱ्यांना अजून एक सवय मोडावी लागते. यातल्या बहुतेक लेन्सची फोकस रिंग काचेला जोडलेली नसते, मोटारला सांगते फक्त, आणि किती फिरवली यापेक्षा किती जोरात फिरवली यावर फोकस सरकतो. अंतराचे आकडेही नसतात. म्हणून आकड्यावरून आधीच फोकस लावून ठेवायचं इथे जमत नाही. काही बॉडीत रिंग लिनियर करायचा (जेवढी फिरवाल तेवढाच फोकस सरकेल असा) पर्याय असतो, तो चालू करा, आणि फोकस पीकिंग (फोकसमधल्या कडा रंगाने दाखवणारी सोय) लावा.

धुकं हा आपल्याकडचा खास प्रश्न. जुलैमध्ये लोहगडावर नाहीतर राजमाचीला ऑटोफोकस पुढे-मागे हुंदडत राहतो, बरेच जण म्हणतात हलक्या लेन्सची मोटार फालतू. मोटारचा काही संबंध नाही, कॅमेऱ्याला फोकस करायला उजेड-अंधाराची कड लागते आणि धुक्यात ती नसते. सिंगल पॉइंट करा, तो तटबंदीच्या कडेवर नाहीतर झाडाच्या बुंध्यावर जिथे गडद आणि फिकं मिळतं तिथे ठेवा, अंदाजे तेवढ्याच अंतरावरचं काहीतरी. रुंद टोकाला येऊन फोकस करून बघितला तरी पटकन पकडतो, कारण बऱ्याच लेन्सला तिथे प्रकाश जास्त मिळतो, नंतर झूम केल्यावर परत एकदा तपासा. जुना डीएसएलआर असेल तर एफ ५.६ च्या पलीकडे कोपऱ्यातले फोकस पॉइंट बऱ्याच मॉडेलना काम देत नाहीत, मधला वापरा.

ढोल-ताशा पथकात उलट प्रकार, तिथे कडाच कडा. चेहरा ओळखणारा फोकस चालू असेल तर तो वादकाला सोडून मागे बॅरिकेडवर उभ्या असलेल्या काकांना पकडतो, आणि मधून ध्वज फिरला की ध्वजाला. झोन छोटा करा, ट्रॅकिंगची संवेदनशीलता कमी करा म्हणजे मधे कोणी आलं तरी कॅमेरा लगेच उडी मारत नाही, आणि १/५०० च्या खाली गेलात तर टिपरूची काठी धूसर येणार, तो धूसरपणाच हवा असेल तर मुद्दाम १/६० ला न्या.

हाताला सवय

नवीन लेन्स थेट स्पितीला घेऊन जायची नाही. एका सकाळी मंडईतून सुरू करा, तिथून तुळशीबाग, पुढे विश्रामबागवाडा, अंतर काहीच नाही पण लेन्सची सगळी परीक्षा होते. मंडईच्या इमारतीत आत उजेड कमी आणि गाळ्यावर दिवे, तिथे हलती माणसं कशी येतात ते बघा. तुळशीबागेत गर्दीत मागे सरकायला जागा नसते, २८ पुरतं का नाही ते दहा मिनिटांत कळतं. विश्रामबागवाड्याची लाकडी दर्शनी बाजू सरळ समोर उभं राहून काढा, खांब फुगलेले दिसतात का. हलक्या लेन्सेसमध्ये वाकलेल्या रेषा काचेने सुधारण्याऐवजी सॉफ्टवेअरने सुधारायची पद्धत आहे, जेपेगमध्ये कॅमेरा करून देतो, पण रॉ (कॅमेऱ्याची कच्ची फाइल) उघडणारं तुमचं सॉफ्टवेअर जुनं असेल तर त्यात त्या लेन्सचं प्रोफाइल नसेल आणि खांब पोट काढून उभे राहतील.

चालताना कॅमेरा डोळ्याला लावायच्या आधी झूम ठरवायचा प्रयत्न करा. समोर बघायचं, हे ३५ आहे की ७० ते मनात ठरवायचं, रिंग फिरवायची, मग कॅमेरा वर. प्राइमवाल्यांना हे येतं, झूमवाल्यांचं सुटलेलं असतं, एका जागी उभं राहून रिंग फिरवत बसतात आणि समोरचा माणूस निघून जातो.

कास पठारावर जाणाऱ्यांनी जवळचा फोकस आधी घरी तपासावा. टॅमरॉन २८-२०० रुंद टोकाला १९ सेंटीमीटरपर्यंत जवळ जाते, आकडा छान आहे पण हे अंतर सेन्सरपासून मोजलेलं, म्हणजे काच फुलाच्या नाकावर येते आणि हूडची सावली फुलावर. शिवाय फुलांत पाय टाकायचाच नसतो तिथे. वाटेवर उभं राहून २०० ला ८० सेंटीमीटरवरून काढलेला फोटो जास्त कामाचा, मागचं सगळं रंगीत धुकं होतं ते वेगळंच.

पाऊस

हलक्या लेन्समध्ये सील बहुतेकदा अर्धवट असतं. सिग्मा २८-७० ला फक्त माउंटपाशी रबर आहे, कॅननच्या २४-१०५ एसटीएमला तेही नाही. टॅमरॉन आणि सोनी २०-७० त्या मानाने बऱ्या. पण लांब होणारी प्रत्येक झूम हवा आत ओढते, आणि ओल्या नळीसकट बंद केलीत की पाणीही आत. पाऊस असेल तर झूम बंद करायच्या आधी नळी पुसा, हे एवढं पाळलंत तरी खूप. एसी गाडीतून ताम्हिणी उतरून कोकणाच्या बाजूला दार उघडलं की काच लगेच धुरकट होते, शर्टाने पुसत बसू नका, कॅमेरा झिपच्या पिशवीत बंद ठेवून पंधरा-वीस मिनिटं बाहेरच्या हवेला येऊ द्या. घरी आल्यावर लेन्स बॅगेत ठेवायची नाही, बॅगेचा फोम ओला असतो, बुरशी तिथूनच. हवाबंद डबा, सिलिका जेल, एक स्वस्तातला आर्द्रता मीटर, ४० ते ५० टक्क्यांच्या मधे काटा राहिला की झालं.

जुन्या लेन्सचं काय

लगेच विकायची घाई नको. एखादा पूर्ण मोसम दोन्ही ठेवा, ट्रेकला हलकी, बाकीला जुनी. विसर्जन मिरवणुकीच्या रात्री लक्ष्मी रोडवर दोन्ही वापरून बघा, एफ २.८ आणि एफ ४ किंवा ५.६ चा खरा फरक तिथे दिसतो, दिव्यांच्या उजेडात चेहरे, गुलाल, सतत हलणारे हात. घरी येऊन दोन्हीचे फोटो शेजारी लावा. जुनीचे दिसायलाच वेगळे असतील आणि तसली कामं तुम्ही वर्षातून बऱ्याचदा करत असाल तर ठेवून द्या, नाहीतर खोका, बिल आणि हूड शोधून दिवाळीच्या आधी जाहिरात टाका, लग्नसराईच्या तोंडावर २४-७० ला गिऱ्हाईक पटकन मिळतं.